धुराड्यापासून दवाखान्यापर्यंत : हरितगृह वायू आणि सार्वजनिक आरोग्य, पुराव्यांचा आढावा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे भर उन्हात उघड्यावर बसली होती. दुपारी कार्यक्रम संपेपर्यंत अनेकांना भोवळ आली, अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले आणि १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्या दिवशी त्या परिसरातले कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला एप्रिलमधल्या ३८ अंशांचे काहीच वाटणार नाही. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की शरीर निवत नाही.

त्याच महिन्यात भारत आणि बांगलादेशात जी दमट उष्णतेची लाट आली, तिचा अभ्यास ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने केला. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे अशी लाट येण्याची शक्यता किमान ३० पटींनी वाढली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र हा निष्कर्ष लाटेविषयी आहे, खारघरच्या १४ जणांविषयी नाही. त्यांच्या मृत्यूत उन्हाचा वाटा किती, दमटपणाचा किती, मंडप आणि पाणी यांच्या सोयीचा किती, वयाचा आणि आधीच्या आजारांचा किती आणि वातावरणात साठलेल्या वायूंचा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

या लेखाचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनामुळे लोकांचे आरोग्य बिघडते, असे म्हणताना आपण एक लांबलचक साखळी गृहीत धरतो : उत्सर्जन, त्यातून तापमानवाढ, तिच्यातून बदललेले ऊन-पाऊस, त्याचा शरीरावरचा परिणाम आणि शेवटी आजार किंवा मृत्यू. या साखळीतला प्रत्येक दुवा सारखाच पक्का नाही. कोणता पक्का, कोणता कच्चा आणि कुठे अजून जोडकाम चालू आहे, हे एकेक करून पाहू.

पार्श्वभूमी : आरोग्याचा विचार उशिरा आला

कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरतो, हे युनिस फूट आणि जॉन टिंडल यांनी अनुक्रमे १८५६ आणि १८५९ मध्ये प्रयोगांतून दाखवले. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी या वायूचे प्रमाण वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित मांडले. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक युगापूर्वी ते सुमारे २८० होते. आज ४२० ओलांडून गेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामान मंडळाने (आयपीसीसी) २०२१ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले, की ही तापमानवाढ माणसामुळेच झाली आहे आणि २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशांनी तापली होती.

या चर्चेत डॉक्टर मंडळी मात्र उशिरा आली. सुरुवातीची काही दशके बोलणे चालायचे ते हिमनद्या, समुद्रपातळी आणि पिके यांच्याविषयी. ऑस्ट्रेलियाचे साथरोगतज्ज्ञ टोनी मॅकमायकल यांचे ‘प्लॅनेटरी ओव्हरलोड’ हे पुस्तक १९९३ मध्ये आले आणि पर्यावरणाचा ऱ्हास हा लोकसंख्येच्या आरोग्याचा प्रश्न आहे, ही मांडणी रुजू लागली. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हवामानबदल हा २१ व्या शतकातला जागतिक आरोग्याला असलेला सर्वांत मोठा धोका असल्याचे म्हटले.

त्याच वर्षी हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. हरितगृह वायू ‘स्वच्छ हवा कायद्या’त बसतात, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. त्यानुसार ७ डिसेंबर २००९ रोजी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवले, की कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि तीन फ्लोरिनयुक्त वायू किंवा वायूगट सार्वजनिक आरोग्याला व कल्याणाला धोकादायक आहेत. जुलै २०२५ मध्ये त्याच संस्थेने हा निर्णय मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच सुमारास अमेरिकी ऊर्जा विभागाने पाच शास्त्रज्ञांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. वाढीव कार्बन डायऑक्साइड पिकांना पोषक ठरतो, हवामानाची प्रारूपे तापमानवाढ जास्त दाखवतात आणि थंडीने उष्णतेपेक्षा जास्त माणसे मरतात, हे त्यातले काही मुद्दे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने स्वतंत्र आढावा घेतला. २००९ चा निष्कर्ष अचूक होता, तो काळाच्या कसोटीला उतरला आहे आणि मधल्या वर्षांत त्यामागचा पुरावा अधिक भक्कम झाला आहे, असे त्यात म्हटले. आज वादाच्या दोन बाजू साधारण या दोन अहवालांत दिसतात. त्यांतले मुद्दे पुढे त्या त्या ठिकाणी येतील.

आडवळणाचा वायू

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. उघड्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे जे प्रमाण आहे, तेवढ्याने श्वास घेणाऱ्या माणसाला विषबाधा होत नाही. गंधकाचा धूर किंवा शिसे जसे थेट शरीरात जाऊन इजा करते, तसे हे प्रदूषण नाही. ते आडवळणाने येते : आधी हवामान बदलते, मग हवामान माणसाला गाठते. शिवाय हा वायू चुलीच्या धुरासारखा आपल्याच अंगणात राहत नाही. तो जगभर मिसळतो आणि त्याचा मोठा हिस्सा शतकानुशतके टिकतो. त्यामुळे उत्सर्जन एकीकडे आणि आजार दुसरीकडे, उत्सर्जन आजोबांच्या काळातले आणि आजार नातवाला, असे अंतर पडते. पुरावा गोळा करणे अवघड होते ते या अंतरामुळे.

उष्णता : सर्वांत पक्का दुवा

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेर तापले की हृदय जास्त रक्त कातडीकडे पाठवते आणि घाम सुटतो. रक्त कातडीकडे वळल्यामुळे हृदयावरचा ताण वाढतो, पाणी कमी झाल्यामुळे मूत्रपिंडे कोरडी पडू लागतात. आतले तापमान ४० च्या वर गेले आणि मेंदूवर परिणाम दिसू लागला, की तो उष्माघात. परंतु उष्णतेने मरणारे बहुसंख्य लोक उष्माघाताने मरत नाहीत. ते हृदयविकाराने, पक्षाघाताने, मूत्रपिंडाच्या किंवा श्वसनाच्या आजाराने मरतात. आजार आधीचाच असतो, उन्हाळा त्याला टोकाला नेतो. म्हणून संशोधक मृत्यूच्या दाखल्यावरचे कारण पाहत बसत नाहीत. त्या काळात एरवी किती मृत्यू झाले असते आणि प्रत्यक्षात किती झाले, यांतला फरक ते काढतात. याला ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात.

या पद्धतीने पाहिले, तर २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७० हजारांहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाले. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ६१ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले आणि त्या एका महिन्यात शहरात १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाले. २०२४ मध्ये भारतातल्या दहा शहरांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे आहेत. २००८ ते २०१९ या काळातल्या नोंदींवरून दिसले, की सलग दोन दिवस तीव्र उष्णतेचे गेले की रोजचे मृत्यू १४.७ टक्क्यांनी वाढतात. सलग पाच दिवस गेले, तर ही वाढ ३३ टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे पाचव्या दिवशीचे ऊन पहिल्या दिवसापेक्षा जास्त घातक, कारण तोवर शरीराची सावरण्याची ताकद संपत आलेली असते.

गरोदर स्त्रियांवरचा परिणामही आता दिसू लागला आहे. तमिळनाडूत शेतात, वीटभट्ट्यांवर, मिठागरांत काम करणाऱ्या ८०० गरोदर स्त्रियांच्या पाहणीत आढळले, की तीव्र उष्णतेत काम करणाऱ्यांना गर्भपात किंवा मृत बाळ जन्मण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो.

ऊन मारते, एवढे यातून सिद्ध होते. पण ऊन पूर्वीही होते. त्यात मानवी उत्सर्जनाचा वाटा किती? यासाठी ‘कारणनिश्चिती’ची पद्धत वापरतात. संगणकी प्रारूपात दोन जगे उभी करतात, एक आजचे आणि दुसरे माणसाने वायू सोडलेच नसते तर जे असते ते. दोन्हींत तशी लाट किती वेळा येते, हे मोजतात. २००३ ची युरोपातली लाट येण्याचा धोका मानवी उत्सर्जनाने किमान दुप्पट केला होता, हे पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. २०१६ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने साखळी मृत्यूपर्यंत नेली : त्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये उष्णतेने झालेल्या ७३५ मृत्यूंपैकी ५०६ मृत्यू मानवनिर्मित हवामानबदलामुळे, असा त्याचा हिशेब होता. २०२१ मध्ये ४३ देशांतल्या ७३२ ठिकाणांचा अभ्यास झाला. १९९१ ते २०१८ या काळात उष्ण महिन्यांत उष्णतेमुळे झालेल्या मृत्यूंपैकी सरासरी ३७ टक्के मृत्यू मानवी तापमानवाढीमुळे झाले, हा त्याचा निष्कर्ष. भारतापुरते बोलायचे, तर १९६० ते २००९ या काळात उन्हाळ्याचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने वाढले. तेवढ्याने शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या लाटेची शक्यता जवळजवळ अडीच पट झाली, असे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले.

उत्सर्जनापासून मृत्यूपर्यंतचे सगळे दुवे जिथे स्वतंत्रपणे तपासले गेले आहेत, असे क्षेत्र आज हे एकच आहे.

थंडीचा प्रतिवाद

वर उल्लेखलेल्या आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप थंडीचा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १३ देशांच्या अभ्यासात ७.२९ टक्के मृत्यू थंडीशी आणि अवघे ०.४२ टक्के उष्णतेशी जोडलेले आढळले. २०२१ च्या जागतिक अभ्यासातही थंडीचा वाटा ८.५२ टक्के आणि उष्णतेचा ०.९१ टक्का होता. भारतातल्या नोंदींवर केलेल्या अभ्यासातही कडाक्याच्या नव्हे, तर मध्यम थंडीचा भार मोठा दिसला. मग जग तापल्याने एकूण मृत्यू कमीच व्हायला नकोत का?

दुसरी बाजू तीन मुद्दे मांडते. पहिला : या अभ्यासांत ‘थंडी’ म्हणजे त्या ठिकाणच्या सर्वांत सोयीच्या तापमानाच्या खालचा प्रत्येक दिवस. वर्षातले बहुतेक दिवस त्यातच मोडतात, म्हणून एकूण आकडा फुगतो. दुसरा : हिवाळ्यातले अनेक मृत्यू फ्लूसारख्या साथींमुळे आणि बंद घरांतल्या संसर्गामुळे होतात. हिवाळा एक-दोन अंशांनी सौम्य झाल्याने ते त्याच प्रमाणात घटतील, याचा भरवसा नाही. तिसरा : उष्णतेचा धोका सरळ रेषेत वाढत नाही. एका मर्यादेपुढे तो झपाट्याने चढतो.

आज बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात ते असे : थंड प्रदेशांत काही काळ थंडीचे मृत्यू घटून थोडा दिलासा मिळू शकेल. उष्ण प्रदेशांत, म्हणजे दक्षिण आशिया आणि आफ्रिकेत, निव्वळ तोटाच होईल. जागतिक बेरीज करताना हा फरक पुसला जातो. एकाच्या हिवाळ्यातला फायदा दुसऱ्याच्या उन्हाळ्यातल्या मृत्यूतून वजा करायचा का, हा प्रश्न शेवटी विज्ञानाचा नसून न्यायाचा आहे.

डास आणि रोगजंतू

डास, त्यातला जंतू आणि डासाचे चावणे, तिन्ही तापमानावर अवलंबून. म्हणून १९९० च्या दशकात जग तापले की मलेरिया सगळीकडे पसरेल, असे भाकीत अनेकांनी केले. त्याला तितकाच ठाम विरोध झाला. मलेरिया एकेकाळी इंग्लंडातही होता आणि तो गेला तो पाणथळ जमिनींचा निचरा, घरे, औषधे यांमुळे, याकडे विरोधकांनी बोट दाखवले. २०१० मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासाने दाखवले, की २० व्या शतकात पृथ्वी तापत असतानाच मलेरियाचे क्षेत्र आकसत गेले. उपाययोजनांचा परिणाम तापमानापेक्षा कितीतरी मोठा होता. २०१४ मध्ये मात्र इथिओपिया आणि कोलंबियाच्या डोंगराळ भागांतल्या नोंदींवरून दिसले, की उष्ण वर्षी मलेरिया अधिक उंचीवर चढतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तापमान धोक्याची हद्द सरकवते. त्या हद्दीत आजार होतो की नाही, हे आरोग्ययंत्रणेवर ठरते.

डेंग्यूबाबत पुण्याचा अभ्यास जवळचा आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये तो प्रसिद्ध केला. पावसाळ्यात सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस थोडा थोडा पण पसरून पडणारा, अशी गाठ पडली की पुण्यात डेंग्यू फोफावतो. उलट आठवड्याभरात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तर अंडी-अळ्या वाहून जातात आणि रुग्ण घटतात. म्हणजे पाऊस वाढला की डेंग्यू वाढला, असे सोपे गणित नाही. पाऊस कसा पडतो, यावर सारे अवलंबून आहे. २०३० पर्यंत पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू १३ टक्क्यांनी आणि शतकाच्या मध्यापर्यंत २३ ते ४० टक्क्यांनी वाढू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. कुंड्यांतले आणि टाक्यांतले पाणी आपण कसे हाताळतो, यावर तो खरा ठरेल किंवा खोटा.

पूर, चक्रीवादळे आणि वणव्यांचा धूर यांचा आरोग्यावरचा परिणाम उघड आहे. मात्र प्रत्येक घटनेत उत्सर्जनाचा वाटा वेगळा निघतो. अतिवृष्टीबद्दलचा पुरावा चांगला आहे, कारण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. वादळांच्या संख्येबद्दलचा पुरावा त्या मानाने कच्चा आहे.

ताटातले धान्य

कार्बन डायऑक्साइड हा वनस्पतींचा आहार आहे, तो वाढला तर पीक वाढेल, हा युक्तिवाद चूक नाही. गहू-तांदळासारख्या पिकांचे उत्पादन त्याने वाढते, हे प्रयोगांत दिसते. पण दाण्यात काय उतरते, हा प्रश्न उरतो. तो तपासण्यासाठी उघड्या शेतात नळ्यांचे रिंगण उभारतात, वाऱ्याची दिशा पाहून त्यातून वायू सोडतात आणि आतल्या पिकाला शतकाच्या मध्यावर असेल तशी हवा देतात. बाजूच्या साध्या वाफ्यातले पीक तुलनेला असते. अशा प्रयोगांची एकत्र आकडेवारी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आली. वाढीव वायूत पिकलेल्या गव्हात जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिने ६.३ टक्के कमी आढळली. तांदळातली प्रथिने ७.८ टक्क्यांनी घटली.

सॅम्युअल मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून २०१८ मध्ये हिशेब मांडला : लोकांचा आहार आजच्यासारखाच राहिला, तर २०५० पर्यंत जगात आणखी सुमारे १७.५ कोटी लोकांना जस्ताची आणि १२.२ कोटी लोकांना प्रथिनांची कमतरता भासेल. यात सर्वांत मोठा वाटा भारताचा, कारण आपल्या ताटात पोषणाचा बराच भार भात-पोळीवर आहे. या अंदाजातला ‘तर’ मोठा आहे. आहार बदलू शकतो, जस्त-लोह अधिक असलेली वाणे येऊ शकतात. शिवाय ज्वारी-बाजरी-मक्यासारख्या पिकांवर हा परिणाम बराच कमी दिसतो. प्रयोगातली घट पक्की आहे, लोकसंख्येतली कमतरता हा अंदाज आहे. दोन्हींत गल्लत होता कामा नये.

एकाच धुराड्यातून निघणारी दोन प्रदूषणे

कोळसा किंवा डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइडबरोबर सूक्ष्म धूलिकण, गंधक आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. हे धूलिकण फुफ्फुसांतून रक्तात जातात आणि हृदयविकार, पक्षाघात, दमा, कर्करोग यांना कारण ठरतात. यांच्या घातकतेचा पुरावा हवामानबदलाच्या कोणत्याही पुराव्यापेक्षा जुना आणि भक्कम आहे. पण मग हे मृत्यू हरितगृह वायूंच्या खात्यावर मांडायचे का?

इथे दोन मते आहेत. एका मताप्रमाणे हे वेगळे प्रदूषण आहे. त्यासाठी गाळणी, इंधनाचे निकष, वेगळे कायदे आहेत, म्हणून हिशेब स्वतंत्र ठेवावा. दुसऱ्या मताप्रमाणे स्रोत एकच असेल, तर तो बंद करताना होणारे दोन्ही फायदे एकत्रच मोजायला हवेत. आकड्यांतही तफावत मोठी आहे. जीवाश्म इंधनांच्या धुराने २०१८ मध्ये ८७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२१ मध्ये एका गटाने मांडला. २०२३ मध्ये दुसऱ्या अभ्यासाने वर्षाला सुमारे ५१ लाखांचा आकडा दिला. हवेतले धूलिकण किती वाढले की धोका किती वाढतो, याचे कोणते सूत्र घेतले, यावर हा फरक मुख्यतः अवलंबून आहे. लाखो मृत्यू होतात, याबद्दल मात्र दोघांत दुमत नाही.

आणखी एक गुंता आहे. गंधकाचे कण सूर्यकिरण परतवतात आणि पृथ्वीला थोडे थंड ठेवतात. धूर कमी केला, की फुफ्फुसे सुटकेचा श्वास घेतात, पण झाकलेली थोडी तापमानवाढ उघडी पडते. मिथेनच्या बाबतीत मात्र दुहेरी लाभ आहे. तो जमिनीलगतच्या ओझोनला जन्म देतो आणि हा ओझोन फुफ्फुसांना इजा करतो. माणसाच्या कारभारातून निघणारा मिथेन ४५ टक्क्यांनी घटवला, तर वर्षाला सुमारे अडीच लाख अकाली मृत्यू टळतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२१ चा अंदाज आहे.

मनाचा प्रश्न

महाराष्ट्राच्या काळजाशी भिडणारा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. टॅमा कार्लटन यांनी भारतातल्या तीस वर्षांच्या तापमानवाढीचा ५९,३०० आत्महत्यांशी संबंध जोडला. पिकाच्या हंगामात तापमान वाढले की आत्महत्या वाढतात, बिगर-हंगामात तसे होत नाही, म्हणून दुवा पिकाच्या नुकसानीचा असावा, असा त्यांचा तर्क होता. इअन प्लेविस यांच्यासह काहींनी आकडेवारीच्या हाताळणीवर आक्षेप घेतले. आत्महत्यांच्या नोंदी राज्यवार आणि वार्षिक असल्याने त्यांतून शेतकऱ्यांबद्दलचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत कर्ज, बाजारभाव, पाणी, मुलींची लग्ने आणि हवामान एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातून एक धागा ओढून त्यावर आकडा लिहिण्याइतका पुरावा आज तरी नाही. संबंध असण्याची शक्यता मोठी आहे, परिमाण अनिश्चित आहे.

एकूण आकडा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये अंदाज मांडला : २०३० ते २०५० या काळात हवामानबदलामुळे वर्षाला सुमारे अडीच लाख जास्तीचे मृत्यू होतील. त्यांत ९५ हजार बालकांच्या कुपोषणाने, ६० हजार मलेरियाने, ४८ हजार अतिसाराने आणि ३८ हजार वृद्धांना उष्णतेने. यात हृदयविकार, पूर, युद्ध, स्थलांतर असे कितीतरी मार्ग धरलेलेच नव्हते. म्हणून काहींना हा आकडा फार लहान वाटतो. आरोग्यसेवा सुधारत गेली, तर मलेरिया आणि अतिसाराचे आकडे इतके राहणार नाहीत, म्हणून काहींना तो मोठा वाटतो. २०२१ मध्ये डॅनियल ब्रेस्लर यांनी उलट बाजूने गणित केले : आज सोडलेल्या दर ४,४३४ टन कार्बन डायऑक्साइडमागे या शतकात एक जास्तीचा मृत्यू. त्यातही पुढच्या ऐंशी वर्षांत माणूस उष्णतेशी किती जुळवून घेईल, हे गृहीतक बदलले की उत्तर बदलते.

या आकड्यांकडे दिशादर्शक म्हणून पाहावे, गणती म्हणून नव्हे.

जुळवून घेण्याची ताकद आणि तिची मर्यादा

अमेरिकेत १९६० नंतर अतिउष्ण दिवशी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांनी घटले आणि त्याचे मुख्य कारण घराघरांतले वातानुकूलन होते, असे २०१६ च्या अभ्यासात दिसले. यावरून काहीजण म्हणतात, की उत्सर्जनाच्या चिंतेपेक्षा समृद्धी वाढवा, आरोग्य आपोआप सांभाळले जाईल. यात तथ्य आहे. पण उसाच्या फडात, स्लॅबवर, हातगाडीवर राबणाऱ्याला वातानुकूलन पोहोचत नाही. आणि वीज कोळशाची असेल, तर एकाचा गारवा दुसऱ्याचा उकाडा वाढवतो.

स्वस्त उपायांनीही जीव वाचतात. २०१० च्या धक्क्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला : आगाऊ इशारा, रुग्णालयांत तयारी, पाणपोया, दुपारच्या कामाच्या वेळा बदलणे. त्यानंतरच्या दोन वर्षांत दरवर्षी सुमारे १,१९० मृत्यू टळले, असा २०१८ चा अंदाज आहे. नागपूरसह अनेक शहरांनी ही वाट धरली. मात्र २०२३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने देशातले ३७ आराखडे तपासले, तेव्हा सर्वाधिक धोका कुणाला याची पाहणी फक्त दोघांत होती आणि पैसा कुठून येणार हे फक्त तिघांत लिहिले होते.

शरीराचीही मर्यादा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक ३५ अंश दाखवू लागला, तर निरोगी माणूसही सावलीत काही तासांपलीकडे तग धरणार नाही, असे २०१० मध्ये सैद्धांतिक गणितातून मांडले गेले. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात तरुणांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. दमट हवेत ३०.६ अंशांच्या आसपासच त्यांच्या शरीराचा तोल सुटू लागला. हे प्रयोग अमेरिकी तरुणांवर झाले. जन्मभर उन्हात राबलेल्या भारतीय मजुराची मर्यादा कोणती, हे अजून मोजायचे आहे.

काय ठरले, काय उरले

सारांश असा. उत्सर्जनाने पृथ्वी तापते आणि उष्णतेने माणसे मरतात, हे दोन्ही दुवे प्रस्थापित आहेत. अतिवृष्टी, डासांची बदलती हद्द, जमिनीलगतचा ओझोन, धान्यातली पोषक द्रव्यांची घट यांचा पुरावा चांगला आहे. पण त्यांतून किती आजार होतील, हे समाज काय करतो यावर अवलंबून आहे. आत्महत्या, संघर्ष, स्थलांतर यांबाबत दिशा दिसते, परिमाण दिसत नाही. थंडीचे मृत्यू घटतील, हा आक्षेप काही प्रदेशांपुरता खरा आहे, आपल्यासारख्या प्रदेशांना तो लागू पडत नाही. ज्या बाबी अनिश्चित आहेत, त्यांनी पक्क्या बाबी कच्च्या होत नाहीत. तसेच पक्क्या बाबींच्या जोरावर अनिश्चित आकडे ठामपणे सांगू नयेत.

सर्वांत मोठी उणीव मात्र सिद्धांताची नाही, नोंदीची आहे, आणि ती आपल्याकडची आहे. २०२४ च्या मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत देशात उष्माघाताचे ४० हजारांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि निश्चित मृत्यू सव्वाशेही नव्हते. अतिरिक्त मृत्यूंचे अभ्यास याहून कितीतरी मोठे आकडे सुचवतात. देशातल्या साधारण पाचांपैकी एकाच मृत्यूचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते.

जिथे होते, तिथेही काय लिहिले जाते ते पाहा. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना क्रमांक ४ भरतात, घरच्या मृत्यूसाठी ४-अ. त्यात वर तात्कालिक कारणाची ओळ असते आणि खाली त्यामागची कारणे लिहायच्या ओळी. मे महिन्यात दुपारी बांधकामावरून आणलेल्या माणसाच्या वरच्या ओळीत ‘हृदय व श्वसन बंद पडणे’ लिहिले आणि खालच्या ओळी रिकाम्या राहिल्या, की त्या उन्हाची नोंद कायमची पुसली गेली. हृदय आणि श्वास प्रत्येकच मृत्यूत बंद पडतात. त्याने कारण कळत नाही.

म्हणून डॉक्टरांना विनंती आहे : उन्हाळ्यात दाखल होणाऱ्या प्रत्येकाचे आतले तापमान मोजा आणि खालच्या ओळी भरा. आणि वाचकहो, आपल्या घरचे माणूस उन्हाच्या दिवसांत दगावले, तर ते किती वेळ उन्हात होते, कुठे झोपले होते, पाणी कधी प्यायले होते, एवढे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती ओळ भरली गेली, तर पुढच्या आढाव्यात आपल्या माणसांचा हिशेब अंदाजाने मांडावा लागणार नाही.